आईसमोरचा ग्लास

आमच्या भागात चांगला मुलगा आईसमोर पीत नाही. म्हणजे पितो, पण समोर पीत नाही. एखाद्याचं कौतुक करायचं असलं की बायका म्हणतात, "पितो गं, पण आईसमोर कवा ग्लास धरला न्हाई." माझ्या मुलाबद्दल सगळी भावकी असंच बोलायची आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. त्याला पिताना मी कधीच पाहिलं नव्हतं. तो मळ्यातल्या विहिरीवर, मोटरीच्या खोलीजवळ बसून पितो, हे मात्र मला ठाऊक होतं. ठाऊक होतं पण पाहिलं नव्हतं, म्हणजे घराचा मान शाबूत होता असं आम्ही धरून चाललो होतो.

आमचं गाव कृष्णाकाठी, भिलवडी स्टेशनच्या जवळ. ऊस आहे, म्हशी आहेत. मालक लवकर गेले. मुलगा सैन्यात ड्रायव्हर होता, चाळिशीच्या आतच पेन्शनीत आला. पहिलं वर्ष बरं गेलं. माजी सैनिकाला दर महिन्याला कँटीनमधून ठरलेल्या बाटल्या मिळतात. त्या मागायला पाहुणे यायचे आणि हा देऊन टाकायचा. मग देणं कमी झालं आणि संध्याकाळी मळ्यात जाणं वाढलं. कँटीनची संपली की देशी. संध्याकाळची वाट बघणंही हळूहळू सुटलं.

एकदा दिवस मावळताना तो आला नाही म्हणून सून बघायला गेली. हा विहिरीच्या काठावर आडवा झोपलेला. त्या विहिरीला कठडा नाही. एक पाय आत लोंबकळत होता आणि शेजारी मोटर चालू होती. तिनं त्याला काखेत धरून मागं ओढलं. घरी आली, हातपाय धुतले आणि मला म्हणाली, "आत्या, आज सापडलं. उद्या मला तिथं आत वाकून बघायची पाळी आली तर मी जाणार न्हाई. तुमी जावा."

ती रडली नाही. रडली असती तर मी दोन शब्द सांगून तिला गप्प केलं असतं. न रडणाऱ्या बाईला काय सांगायचं हे मला सुचलं नाही, म्हणून मी माझ्या भावाला फोन लावला.

भाऊ माझ्यापेक्षा धाकटा, राहतो कराडशेजारी मलकापुरात. खंडोबाचा मोठा भक्त. दुसऱ्याच दिवशी तो पालीच्या खंडोबाचा भंडारा घेऊन आला. भंडारा म्हणजे देवाची हळद. आमच्यात कुणाकडून खरं वदवून घ्यायचं किंवा वचन घ्यायचं असलं तर त्याला भंडारा उचलायला लावतात. चिमूट हातात घेऊन बोललेला शब्द मोडला तर देव बघून घेतो. कोर्टात खोटी साक्ष देणारा माणूससुद्धा भंडारा उचलताना अडखळतो.

मुलानं उचलला. "आजपासून दारूला शिवणार न्हाई," म्हणाला. भावानं त्याच्या कपाळाला हळद लावली आणि मला म्हणाला, "आक्का, आता ह्याला खोलीत घाल आणि कडी लाव. अंगातलं इख निघून जाऊ दे."

आम्ही कडी लावली. तो थरथरायला लागला, घामानं अंथरूण भिजलं, भिंतीवर नसलेले किडे दाखवायला लागला. आम्हाला वाटलं, विष निघतंय. भाऊ दाराबाहेर बसून म्हणत होता, "बघ, देवानं मनावर घेतलंय." मग आतून धाडकन आवाज आला. दार उघडलं तर मुलगा जमिनीवर, डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, अंगाला झटके. भावानं चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. सुनेनं मामासासऱ्याच्या हातातली चप्पल हिसकावून बाहेर फेकली आणि शेजाऱ्याची गाडी बोलावली.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरनं पहिलं विचारलं, "दारू कुणी बंद केली?"

भाऊ छाती काढून म्हणाला, "आमी."

"रोज इतकी पिणाऱ्याची एकदम तोडली की असं होतं. माणूस जातो यात. बंद करायची तर दवाखान्यात ठेवून, औषधं देऊन करतात."

"आवं, पण भंडारा उचललाय त्यानं," भाऊ म्हणाला.

डॉक्टर सलाईनचा वेग बघून पुढच्या खाटेकडे गेला.

मुलगा बरा होऊन घरी आला. डॉक्टरनं जाताना सांगितलं होतं की इथं बोलून इलाज करणाऱ्या बाई आहेत, त्यांना भेटत राहा. भावाला ते पटलं नाही. बोलून कुणाची दारू सुटली असती तर माझी आक्का जगातली मोठी डॉक्टर झाली असती, असं तो म्हणाला. यात तथ्य होतं. आम्ही गेलो नाही.

मुलानं काही आठवडे कळ काढली. मग एका लग्नाच्या वरातीत कुणीतरी हातात ग्लास दिला आणि यानं घेतला. एक ग्लासच होता. पण त्या एका ग्लासानं शपथ मोडली, आणि मोडलेल्या शपथेला घोट काय आणि बाटली काय, सगळं सारखंच. पूर्वी तो निदान हात राखून प्यायचा. आता सकाळी दात घासायच्या आधी पिऊ लागला. मी ओरडले तर म्हणाला, "आये, देव काय करायचं ते करंल. माझ्या हातात आता काय ऱ्हायलंय?"

तेव्हा सुनेनं त्याला आंघोळ घातली, कपडे चढवले आणि आम्हा दोघांना मिरजेच्या पॅसेंजरमध्ये बसवलं. "तुमीच जावा आत्या," म्हणाली. "मी गेली तर मी भांडंन."

मी भांडणार नाही असं तिला का वाटलं कोण जाणे.

त्या बाईंची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. वय माझ्या सुनेपेक्षाही कमी असेल. सर्दी झालेली, टेबलावर रुमाल, नाक लाल. मला वाटलं होतं भिंतीवर दारूनं सडलेल्या लिव्हरची चित्रं असतील आणि बाई दारूचे तोटे सांगतील. तिनं मुलाला विचारलं, "प्यायल्यावर तुम्हाला काय बरं वाटतं?"

मी म्हणाले, "बाई, वाईट काय होतं ते इचारा त्याला."

"ते तुम्ही रोज सांगत असाल ना, आजी?"

मुलगा हसला. किती दिवसांनी हसला ते मला आठवेना.

मग त्यानं सांगितलं. मी त्याची आई, पण हे मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. युनिटमध्ये संध्याकाळी सगळे एकत्र बसायचे. गाड्या धुऊन लावलेल्या, हजेरी झालेली, उद्याचं काम कळलेलं. दोन घोट, चार शिव्या, जेवण. "तिथं दिवस मिटायचा, म्याडम. हितं मिटतच न्हाई. उसाचं काय, सकाळी बी उभा, संध्याकाळी बी उभा. कवा उठलो, कवा काम झालं, काय कळत न्हाई. प्यालो की वाटतं, चला, आजचा दिवस झाला."

"दारू सोडायची आहे का?"

"खरं सांगू का खोटं?"

"तुम्हाला जमेल ते सांगा."

तो माझ्याकडे बघेना. "सोडायची न्हाई. पण मरायचं बी न्हाई."

"चालेल," ती म्हणाली. "मरायचं नाही, तिथून सुरू करू."

मी उठून उभी राहिले. "आमी एवढ्या लांबून गाडी धरून आलोय. दारू चालू ठेवा म्हणून सांगायला तुमाला पगार देत्यात व्हय?"

तिनं नाक पुसलं. "आजी, आज मी 'सोडा' म्हटलं तर हे 'हो' म्हणतील आणि परत येणार नाहीत. हे जिवंत राहिले, येत राहिले, तर सोडायचं पुढं कधीतरी विचारता येईल. गेलेल्या माणसाला मी काय विचारू?"

आईसमोर कुणी असं बोलत नाही. पण सरळ बोलणारं माणूस मला कळतं. मी परत बसले.

मग तिनं बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. कधी पिता, काय पिता, आधी काही खाता का, घरी कसे येता, बरोबर कोण असतं. सगळी उत्तरं फिरून त्या विहिरीपाशीच येत होती. रिकाम्या पोटी, एकटा, विहिरीच्या काठावर, ओल्या हातानं मोटरचं बटण दाबत, आणि मग कालव्याच्या कडेनं मोटरसायकलवर घरी.

"विहिरीवरच का?" तिनं विचारलं.

"घरात आये असती."

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे आजी, तुमचा मान राखायला हे विहिरीच्या काठावर जाऊन बसतात."

मग प्यायची तर घरातच आणि जेवण झाल्यावर, असं त्या दोघांनी ठरवलं आणि मी पिशवी उचलून दाराकडे निघाले. परतीच्या गाडीत तो खिडकीला डोकं टेकून झोपला आणि सांगली गेली, नांद्रे गेलं, तरी मी मनात त्या पोरीशी भांडत होते. आईनं पोराला घरात दारू प्यायला बसवायचं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय म्हणून. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं मलाही कळत होतं की असं कुठल्या पुस्तकात नसणार.

घरी येऊन सुनेला सांगितलं. मला वाटलं तीही चिडेल. ती पीठ मळत होती. म्हणाली, "मग? बसू द्या की सोप्यात."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काय म्हणू ने म्हणून मी विहिरीत बघत फिरू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सोप्यात, घराच्या पुढच्या भागात, बसला. मिरजेत तसं ठरलं होतं. आधी जेवायचं, मग प्यायची. त्याचं आजवर उलटं चालायचं, आधी प्यायचा आणि मग जेवण तसंच राहायचं. मी पिठलं-भाकरी वाढली. दोन भाकरी खाल्ल्या. मग त्यानं बाटली काढली आणि ग्लास घेतला, पण घोट काही घेईना. पाठ फिरवली. टॉवेल ग्लासावर धरला. मी लसूण सोलत बसले होते. त्याला कुठं बघावं कळेना, मलाही कळेना. शेवटी मीच म्हणाले, "पी की आता. उगा टॉवेलला पाजतोस व्हय?"

त्यानं घेतला घोट. दारूचा वास सोप्यात पसरला.

"लय घाण वास हाय," मी म्हणाले.

"तुला कोण सांगितलं हुंगायला?"

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पण तो घरातच आहे हे मला ठाऊक होतं, आणि गेल्या दोन वर्षांत अशी खात्री कधी नसायची.

पहिले काही महिने दर आठवड्याला आम्ही मिरजेला जायचो. डॉक्टर गोळ्या द्यायचे, मग बाईंकडे बसायचं. तिथं जे ठरायचं ते त्यालाच विचारून ठरायचं. दिवस बुडायच्या आधी बाटली काढायची नाही, हे त्यानंच सांगितलं. देशीच्या दुकानात जायचं नाही. ग्लास हातात घ्यायच्या आधी गाडीची किल्ली सुनेकडे द्यायची. मध्येच एकदम बंद करायचा हट्ट धरायचा नाही, आधी दवाखान्यात विचारायचं. आणि माझ्यासाठीही ठरलं. त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा नाही. "प्यालास का?" असं विचारायचं नाही.

"मग काय इचारू?" मी म्हणाले.

"आधी काय विचारायचात?" बाई म्हणाल्या. "दारूच्या आधी?"

मला आठवेना. मुलगा म्हणाला, "म्हशीला पाणी पाजलंस का, एवढंच इचारायची."

"मग तेच विचारा."

मला हे सगळ्यात जड गेलं. तो ग्लास भरायचा आणि माझ्या जिभेवर शब्द यायचे. मी तोंडात सुपारी धरायची. सून म्हणायची, "आत्या, तुमच्या सुपारीचं व्यसन सोडवायला आता कुणाकडं जायचं?"

गावात व्हायचं ते झालं. शेजारीण पाण्याच्या नळावर म्हणाली, "आता आईसमोरच बसतोय म्हणं?"

"व्हय," मी म्हणाले. "तुझा कुठं बसतोय?"

तिनं घागर भरायच्या आधीच उचलली.

सगळं सरळ गेलं असं नाही. कारखान्याची ऊसतोडीची टोळी यायची होती ती दुसऱ्याच्या फडात गेली, आमचा ऊस तुऱ्यावर येऊन वजनाला घटू लागला, आणि हा देशीच्या दुकानात गेला. ओठ फाटलेला, शर्टाला चिखल, असा घरी आला. मला वाटलं, संपलं सगळं. पुढच्या खेपेला खोलीत शिरल्या शिरल्या त्यानं बाईंना स्वतःच सांगितलं. मी वाट बघत होते की आता तरी ही पोरगी त्याला झापेल. तिनं विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?" मग दोघं त्या दिवसाचं सकाळपासून बोलत बसले, गाडी का बिघडली हे मेकॅनिक बघतो तसं. टोळीचा फोन आल्यापासून दुकानाच्या दारापर्यंत मध्ये कुठं थांबता आलं असतं, ते शोधत होते. निघालं ते असं, की असल्या दिवशी त्याला कुणाशी तरी बोलायला हवं आणि ते घरातलं नको.

त्याच्या युनिटमधला एक सोबती खंडाळ्याला असतो, सातारा जिल्ह्याच्या पार पलीकडच्या टोकाला. त्याला फोन लावायचं ठरलं. आता दोघं रोज संध्याकाळी बोलतात. मला वाटलं होतं लढाईच्या गोष्टी करत असतील. कान देऊन ऐकलं तर गुडघ्यांचं तेल, टोमॅटोवरची कीड आणि कुणाच्या जावयानं काय केलं, असलंच. पण फोन ठेवला की तो म्हणतो, "चला, झाला दिवस." कधी त्यानंतर बाटली काढतो, कधी काढतच नाही. काढली नाही तर मी काही बोलत नाही. बोलले तर काढेल अशी मला भीती.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला आमच्या घरी तळी भरतात. ताटात खोबरं, पानं, सुपारी, भंडारा ठेवून घरचे पुरुष ते ताट मिळून उचलतात आणि खंडोबाचा जयजयकार करतात. भाऊ दरवर्षी येतो, त्याही वर्षी आला. त्याच्या कानावर सोप्यातल्या ग्लासाचं गेलं होतंच. तळी उचलून झाली, खोबरं वाटलं, आणि सगळी भावकी बसलेली असताना त्यानं भंडाऱ्याचं ताट मुलासमोर धरलं.

"उचल. मागच्या येळंला मोडलास, देवानं माफ केलं. आता परत उचल. सगळ्यांसमोर."

मुलानं हात पुढं केला.

मला ते दिसलं आणि कळलंही. तो सुटायला बघत होता. उचलला की मामा खूश, भावकी खूश, कपाळाला हळद, पंगत गोड. दोन दिवस कुणी काही म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी त्याला लपावं लागणार, आणि लपायला आमच्या मळ्यात एकच जागा होती.

मी मध्ये हात घालून ताट बाजूला केलं.

"आक्का, देवाच्या ताटाला आडवी जातीस?"

"देवाला न्हाई, तुला. त्यो भंडारा उचलणार न्हाई."

"म्हंजे पोरगं पीत ऱ्हाऊ दे? तूच पाजतीस म्हणं आता. आमच्या आईनं बघितलं असतं तर..."

"आमच्या आईनं तुला मोटरीच्या खोलीत पिताना बघितलं न्हवतं, म्हणून तू शाना. गेल्या वर्षी तुझा ऊस लवकर तोडावा म्हणून टोळीच्या मुकादमाला कँटीनची बाटली कुणी दिली? कुणाच्या कोट्यातली हुती?"

भावकीतले दोघं-तिघं हसले. ती बाटली माझ्या मुलाच्या कोट्यातली होती. त्याआधीच्या वर्षीचीही.

भाऊ लाल झाला. "ते येगळं. ते काम हुतं."

"ह्ये बी कामच हाय. मागच्या बारीला शपथ घातली, कडी लावली, मरता मरता वाचला. आता मी ते परत करणार न्हाई. तू रागाव, देव रागवू दे."

तो उठला, चपला घातल्या आणि निघाला. पुरणपोळीची ताटं मांडलेली होती. बहिणीच्या घरी सणाला येऊन भाऊ न जेवता जातो, यापेक्षा मोठं भांडण आमच्यात नसतं. सून दारापर्यंत गेली, "मामा, दोन घास तरी," म्हणाली. तो वळला नाही.

त्या संध्याकाळी मुलगा सोप्यात बसला आणि रोजच्यापेक्षा जास्त प्यायला. मी समोरच होते. मग म्हणाला, "आये, उचलला असता तर मामा जेवला असता."

"आन् तू?"

"मी परवा विहिरीवर." स्वतःच म्हणाला, मी सांगितलं नाही.

भावाचा फोन बंद झाला. मीही केला नाही. आम्ही दोघंही एका आईची, हट्ट सारखाच. संक्रांत गेली, शिमगा गेला. मुलाचं मिरजेला जाणं आता महिन्यातून एकदा झालं होतं आणि तो एकटाच जायचा. आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी बाटली कपाटातच राहायची. कँटीनमधून त्यानं आणायच्याच कमी केल्या होत्या. पाहुण्यांना वाटलं, तो कंजूष झाला.

वैशाखात त्याच्या युनिटमधल्या एकाच्या मुलीचं लग्न निघालं, मलकापूरच्या कार्यालयात. तो मोटरसायकलवर सकाळीच गेला. सून माहेरी गेली होती आणि माझे गुडघे दुखत होते. जाऊ नको म्हणावं असं सारखं वाटत होतं. जुने सोबती, लग्न, मांडव. दारू कुठं असते हे सांगावं लागत नाही. मी म्हणाले, "जेवून घे आधी." तो "व्हय" म्हणाला आणि गेला. मलकापूरहून आमच्याकडे यायला आधी हायवे आहे. त्या रस्त्यावर शुद्धीतली माणसं मरतात.

दुपारी फोन वाजला. नंबर भावाचा. इतक्या महिन्यांनी भाऊ फोन करतो तो कशासाठी करणार?

"आक्का, तुझं पोरगं हितं हाय."

"कुठं हितं? दवाखान्यात?"

"माझ्या घरात. कॉटवर पडलंय, घोरतंय."

"तिकडं कसं आलं?" मी विचारलं.

भावानं सांगितलं ते असं. कार्यालयाच्या मागं गाड्यांच्या आडोशाला यांची बैठक बसली. हा प्यायला, जेवायच्या आधीच, आणि चांगली प्यायला. सोबती म्हणाले, चल, तुला गाडीवर बसवून देतो, सावकाश जा. यानं गाडी काढली, किल्ली हातात घेतली, आणि मग मामाला फोन लावला. ज्या मामानं सणाचं ताट सोडलं होतं त्याला. म्हणाला, "मामा, मी प्यालोय. गाडी चालवत न्हाई. मला न्यायला या."

"आन् तू गेलास?"

"मग काय करतो? गेलो. अर्धं लगीन बघत हुतं. ह्यो तिथं पायरीवर बसून समद्यांसमोर मला सांगतोय, मामा, प्यालोय. आगं, लाज कशी न्हाई ह्याला?"

"न्हाई," मी म्हणाले. "ती घालवायला लय महिनं लागलं."

भाऊ म्हणाला, "उठल्यावर काय घालू खायाला?"

"भात घाल. वर ताक दे. आन् किल्ली तुझ्याकडंच ठेव."

"काढून घ्याय गेलो तर त्यानं आधीच दिली," तो म्हणाला. "आपल्या हातानं."

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः त्याला घेऊन आला. हा मागं बसलेला, चेहरा उतरलेला. भाऊ सोप्यात बसला. मी काही न विचारता ताट वाढलं, त्यानं काही न बोलता जेवायला सुरुवात केली. मधे मुलाला म्हणाला, "कवा सोडणार रं?"

"म्हाईत न्हाई, मामा. खोटं सांगू का?"

"नको," भाऊ म्हणाला आणि भाकरी मागितली.

पुढच्या महिन्यात मिरजेहून आल्यावर मुलानं चपला काढता काढता सांगितलं, "आये, बंद करून बघावी म्हणतो. घरी न्हाई, भरती हुऊन. म्याडमनी डॉक्टरांशी बोलून खाट ठरवलीय."

मी विचारलं, "बाईनं सांगितलं व्हय?"

"न्हाई. मीच म्हणलो. त्या म्हणाल्या, घाई न्हाई, विचार करा. मी म्हणलो, केलाय."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर परत जायचं त्यांच्याकडं. त्यांनी तसं सांगितलंय. पुन्हा पयल्यापासनं न्हाई, जिथं हाय तिथनं."

शपथ नाही, वचन नाही. मला ते पहिल्यांदा अपुरं वाटलं. माणसानं एवढी मोठी गोष्ट करायची तर काहीतरी मोठं बोलायला हवं, असं मनात येतंच. मी ते बोलले नाही. त्याच्या पिशवीत धुतलेले कपडे, टॉवेल आणि गुडघ्याचं तेल घातलं. सून बरोबर गेली. गाडी भावानं आणली होती. दवाखान्यात सोडून तो माझ्याकडे येऊन चहा पिऊन गेला, आणि मलकापूरला त्याच्या गल्लीत एक पोरगा आहे त्याच्यासाठी बाईंचा वार विचारून गेला.

मुलगा अजून मिरजेलाच आहे. फिट आली नाही. पहिले दिवस वाईट गेले असं सून सांगते, पण औषध होतं आणि दाराला कडी नव्हती. काल त्याचा फोन आला. म्हशीला पाणी पाजलं का, हे या वेळी त्यानंच विचारलं. मग म्हणाला, "आये, हितलं जेवण लय अळणी हाय. मामाकडं चटणी दे पाठवून."

मी म्हणाले, "डॉक्टरला इचार आधी." तो म्हणाला, "इचारलंय, चालती." मग मी शेंगदाणे भाजायला घेतले.